परके आठ दोरे

थोरलीला राग लवकर येत नसे, पण एकदा आला की तो मुक्कामालाच येई. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, आणि त्याची जाणीवही त्याला फार उशिरा झाली.

पडद्यांचं आणि सोफ्यांचं कापड विणणाऱ्या एका कारखान्यात थोरली बावीस वर्षं डिझायनर होती. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ती नक्षी काढायची, नक्षीची फाईल व्हायची आणि एक छोटा प्रोग्रॅम ती फाईल उचलून मागाच्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवायचा. मग माग त्या फाईलबरहुकूम एकेक उभा दोरा वर उचलायचा नाही तर खाली सोडायचा. हा प्रोग्रॅम लिहिला होता धाकटीच्या नवऱ्यानं. लग्नानंतर वर्षभर तो घरी बसून होता, तेव्हा थोरलीनंच मालकीणबाईंकडे त्याच्यासाठी शब्द टाकला होता. आपल्याच हातानं आणून बसवलेला माणूस पुढे आपल्यालाच उठवतो, तेव्हा राग जरा जास्तच येतो. तिला तसाच आला.

झालं असं की ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढून नवे आणले. जुन्यांवर आणि मागांवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम होती. नव्यांवर दुसरी आली. प्रोग्रॅम मात्र तोच, होता तसा इकडे आणून बसवला. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग थोरलीनं एका नाट्यगृहाच्या पडद्यासाठी बारीक शंकरपाळ्यांची नक्षी काढली, आणि कापड मागावरून उतरलं ते असं, की शंकरपाळे एकमेकांचा हात सोडून उजवीकडे घरंगळत चाललेत. मागवाला सुट्टीवर होता, बदलीच्या माणसानं न बघता नव्वद मीटर विणून ठेवलं होतं. नाट्यगृहानं ते सगळं परत पाठवलं.

मालकीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. धाकटीच्या नवऱ्यानं शांतपणे सांगितलं की प्रोग्रॅममध्ये सहा वर्षांत एक अक्षरसुद्धा बदललेलं नाही, बाकीच्यांच्या नक्ष्या त्यातूनच जातात आणि चोख उतरतात. हे खरंच होतं. मग आवाज आणखी मऊ करून तो म्हणाला, "ताईंचा दोष नाही. या वयात बारीक कामानं डोळ्यांवर ताण येतोच."

थोरली तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. महिन्याच्या आत तिला घरी बसवलं आणि तिच्या खुर्चीवर नवी डिझायनर आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला शेवटच्या ओळीतली सगळ्यात बारीक अक्षरं वाचायला लावली आणि म्हणाले, बाई, तुम्ही इथे कशाला आलात? त्या रविवारी धाकटीकडे जेवायला गेली, तर धाकटीचा नवरा तिच्या ताटात वाढता वाढता म्हणाला की बरं झालं, आता जरा विश्रांती घ्या. थोरलीनं जेवण संपवलं.

खराब कापडाचा हातभर तुकडा तिनं घरी आणला होता. खिडकीपाशी बसून, भिंग लावून तिनं दोरे मोजायला घेतले. कॉम्प्युटर कसा चालतो ते तिला कळत नव्हतं, पण दोरा वर आहे की खाली हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. चौथ्या दिवशी तिला सापडलं. नक्षी सगळीकडे बिघडत नव्हती. जिथे चार दोरे खाली आणि मग एक वर, एक खाली, एक वर, एक खाली असा आठाचा गट यायचा, तिथेच, त्याच्या बरोबर आधी, आठ परके दोरे घुसले होते. दर वेळी तेच आठ: चार खाली, दोन वर, एक खाली, एक वर. हे तिनं काढलेच नव्हते. त्यांच्या धक्क्यानं पुढची सगळी नक्षी आठ दोरे सरकत होती.

रस्त्यापलीकडे प्रौढांसाठी दुपारचा कॉम्प्युटर क्लास चालायचा. थोरलीनं नाव घातलं आणि तिसऱ्याच दिवशी कापड क्लासच्या बाईंपुढे पसरलं. बाईंनी वरच्या दोऱ्याला एक आणि खालच्याला शून्य लिहीत नेलं, आणि त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, तुमच्या गटाचा आकडा होतो दहा, आणि परक्या दोऱ्यांचा तेरा. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ओळ संपली की एक सिस्टिम फक्त दहाची खूण करते, दुसरी तेरा आणि दहा अशा दोन करते. फाईल मजकूर म्हणून उघडली की ही दुसरी आगाऊपणा करून प्रत्येक दहाच्या आधी तेरा घालते. फाईलमध्ये मजकूर नाही, नक्षी आहे, हे तिला कुठून कळणार? "ही फाईल आहे तश्शी लिही, हात लावू नकोस," एवढं प्रोग्रॅममध्ये सांगून ठेवायचं असतं. जुन्या सिस्टिमवर न सांगता भागतं. नवीवर नाही भागत.

"आणि बाकीच्यांच्या नक्ष्या?" थोरलीनं विचारलं.

बाई म्हणाल्या की त्यांच्यात हा दहाचा गट येतच नसेल. थोरलीला ते पटलं; बाकीचे लोक जाड पट्टे आणि मोठी फुलं काढायचे.

इथवर तिच्या मनात नुसता राग होता. चूक कोणाच्याही हातून होते, असं ती स्वतःला बजावत होती, आणि सरळ मालकीणबाईंकडे जाणारही होती. पण त्याच आठवड्यात बाजारात एका दुकानाच्या दारात तिच्या कारखान्याचं नवं कापड टांगलेलं दिसलं. नव्या डिझायनरनं काढलेली बारीक जाळी होती. थोरलीनं पर्समधून भिंग काढलं आणि दुकानदार बघत असताना भर दारात कापडाला नाक लावलं. दहाचा गट होता, एकदा नाही, प्रत्येक जाळीत होता. आणि त्याच्या आधी परका दोरा एकही नव्हता.

म्हणजे त्याला कळलं होतं. कळलं, त्यानं गुपचूप दुरुस्त केलं, आणि तोंड मिटून बसला. तिच्या डोळ्यांना नावं ठेवून तिला घालवलं ते तसंच राहू दिलं, आणि वर रविवारी तिच्या ताटात वाढत राहिला. थोरलीनं भिंग पर्समध्ये ठेवलं, दुकानदाराला कापड छान आहे म्हणून सांगितलं आणि घरी चालत गेली. वाटेत तिला फक्त एवढंच वाटत होतं की या माणसाला सुखासुखी सोडायचं नाही.

नुसतं जाऊन सांगितलं असतं, तर तो हात जोडून म्हणाला असता, अरेरे, नव्या सिस्टिमनं घोटाळा केला, ताई, माफ करा. मालकीणबाई विरघळल्या असत्या आणि चहा मागवून प्रकरण मिटलं असतं. थोरलीला चहा नको होता.

त्या कारखान्यात एक शिस्त होती. वाया गेलेल्या प्रत्येक कापडाची मूळ फाईल सीडीवर घेऊन, ती पाकिटात घालून, पाकिटावर सह्या करून मालकीणबाईंच्या कपाटात ठेवत, आणि किल्ली त्यांच्याच कमरेला असे. थोरली मालकीणबाईंना भेटली आणि एकच मागितलं: ते पाकीट सगळ्यांसमोर फोडा आणि तीच फाईल पुन्हा विणा. वाईट उतरली तर मी या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मालकीणबाईंच्या मनाला ही गोष्ट आधीपासून टोचत असावी. कोणाला आधी न सांगता मंगळवारी सकाळी दहाला करू, असं त्या म्हणाल्या.

पण थोरलीनं सांगितलं. रविवारी धाकटीला फोन केला, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणाली, "मंगळवारी माझी जुनी नक्षी परत विणून बघणार आहेत. तेवढी एकच. कोणाला बोलू नकोस हं." धाकटीच्या पोटात काही राहत नाही, हे ती धाकटी पाच वर्षांची असल्यापासून जाणून होती. धाकटीच्या नवऱ्याला खरं बोलायला पुरते दोन दिवस मिळाले. तो बोलेल असं थोरलीला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानं बोलावं असंही वाटत नव्हतं.

मंगळवारी मागाभोवती सगळे जमले. मालकीणबाईंनी पाकीट फोडलं. धाकटीच्या नवऱ्यानं फाईल घेतली, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून मागाकडे पाठवली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. माग सुरू झाला. वीतभर कापड झालं तशी मागवाल्यानं मान खाली घातली. शंकरपाळे घरंगळत होते, त्या दिवशीसारखेच.

नव्या डिझायनरला कुठे बघावं तेच कळेना. धाकटीचा नवरा हळूच म्हणाला, "ताई, मी तुम्हाला घरी सोडतो. चला."

त्याच्या आवाजातली ती माया ऐकून थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिनं आवाज चढवला नाही. मालकीणबाईंना म्हणाली की आलेच आहे तर आणखी एक वीत विणा, माझं नाही, या मुलीचं. तिची काल चालू असलेली जाळी लावा. आणि धाकटीच्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "भावजी, तुम्ही इथेच थांबा. फाईल तिची ती पाठवेल."

तो म्हणाला, त्याची काय गरज आहे? मग म्हणाला, माग तापलाय. मग म्हणाला, मी जरा कॉम्प्युटर बंद करून सुरू करतो, मगच पाठवू. तीन वाक्यांत तीन कारणं ऐकल्यावर मालकीणबाई ऑफिसच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि नव्या डिझायनरला म्हणाल्या, पाठव.

तिनं पाठवली. माग चालला. पहिल्या चार बोटांतच जाळी फाटल्यासारखी उजवीकडे सरकली.

"असं कसं?" ती मुलगी रडकुंडीला आली. "कालपर्यंत हीच चांगली येत होती. मी काही बदललं नाही."

"तू नाही बदललंस," थोरली म्हणाली. "भावजी, माझी नक्षी बिघडावी म्हणून काल संध्याकाळी जुना प्रोग्रॅम परत कोणी बसवला, ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

धाकटीचा नवरा घामानं निथळत होता. कपाळ पुसत त्यानं मागवाल्याकडे बघितलं, पण मागवाला त्याच्याकडे बघायला तयार नव्हता. मग थोरलीनं मालकीणबाईंच्या हातात भिंग दिलं आणि दोन्ही कापडांवरचे परके दोरे बोट ठेवून मोजून दाखवले. काही घाई केली नाही. दहा काय, तेरा काय, सगळं सांगितलं, आणि दर थोड्या वेळानं थांबून विचारत राहिली, "बरोबर ना भावजी?" आणि तो दर वेळी हो म्हणत राहिला. आठ वेळा म्हणाला. तिनं मोजलं होतं.

मालकीणबाई त्याला तिथल्या तिथे काढायला निघाल्या होत्या. थोरलीनंच अडवलं. म्हणाली, चुकलाय, पण घरचा माणूस आहे, राहू द्या. मी उद्यापासून येते. फक्त यापुढे प्रोग्रॅमला हात लावायचा असेल तर आधी मला विचारायचं, आणि प्रत्येक फाईल मागावर जाण्याआधी त्यानं माझ्या टेबलाशी येऊन दाखवायची. सगळ्यांना तिचं मन फार मोठं वाटलं. मागवाल्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

काढलं असतं तर त्याला दुसरीकडे नोकरी लागली असती, तिथे त्यानं चार नवीन माणसांत मान वर करून दिवस काढले असते. थोरलीच्या निवृत्तीला अजून नऊ वर्षं होती. रोज दहा-बारा फायली तरी व्हायच्या.

पहिल्या आठवड्यात तो टेबलाशी येऊन उभा राहायचा आणि ती पेन्सिलीला टोक करत बसायची. "ताई, जरा बघता का?" हे तो म्हणेपर्यंत ती मान वर करत नसे, आणि म्हणाला की फार गोड हसायची. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

शनिवारी धाकटी आली. येताच गळ्यात पडली, तू होतीस म्हणून आमचं घर वाचलं म्हणाली, खूप रडली. मग डोळे पुसले. नवरा घरी जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, कामावर जायची वेळ झाली की घातलेल्या चपला पुन्हा काढून ठेवतो, असं काहीबाही सांगितलं. थोरली ऐकत होती.

"ताई," धाकटीनं शेवटी विचारलं, "मंगळवारचं तू मला सांगितलंस, ते मी त्यांना सांगावं म्हणूनच ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. धाकटीनं विश्वास ठेवला असता. तिला तेच हवं होतं, म्हणून तर विचारत होती.

"हो," थोरली म्हणाली.

धाकटीनं मान हलवली. उठली, चपला घातल्या, आणि दाराशी थांबून म्हणाली, "त्यांनी तुझं नाव घालवलं ना, तेव्हा मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. तुला कधी सांगितलं नाही मी."

ती जिना उतरून गेली. थोरली दार लावून खिडकीशी आली आणि तिला रस्ता ओलांडताना बघत राहिली. सोमवारी धाकटीच्या नवऱ्याला टेबलाशी किती वेळ उभं करायचं, ते तिनं सकाळीच ठरवलं होतं. त्यात तिनं काही बदल केला नाही.