चार खिडक्यांची मापं

पडदे शिवणाऱ्यांच्या घरात पडदा दोरीवर लोंबतो, ही गोष्ट मी एकोणीस वर्षं कुणाला कळू दिली नाही. आमचं दुकान म्हणजे आमच्याच भाड्याच्या घराची पुढची खोली. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो आणि गिऱ्हाईक आलं की मधलं दार मी लावून घेते. त्या दारामागे खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत एक दोरी बांधलेली आहे. तिच्यावर आमचा पडदा, धुऊन वाळत घातल्यासारखा. भिंतीला खिळा मारायचा नाही, ही आमच्या मालकीणबाईंची अट. त्या वर राहतात. बाई वाईट नाहीत, पाणी कधी तोडलं नाही, पण भिंतींवर त्यांचा फार जीव. "भोक पडलं की भिंत खराब होते," हे वाक्य त्या दर वर्षी करारावर सही करताना न चुकता ऐकवतात.

आता पडद्याच्या पट्टीत रिंगा ठोकायच्या म्हणजे हातोडा लागणारच. मी लाकडी ठोकळ्यावर कापड ठेवून ठोकते, भिंतीला हात लावत नाही. तरी जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की माझा हातोडा आपोआप कापडाच्या ढिगात जातो. एकदा त्यांना वाटलं होतं की मी खिळे मारते आहे, तेव्हापासूनची ही सवय. आमचे हे म्हणतात, "अगं, चोरी करतेस का?" ते काहीही म्हणोत, वरून उतरून प्रश्न विचारणारी बाई त्यांना भेटत नाही, मला भेटते.

घर घ्यायची कल्पना वन्संची. माझ्या या मोठ्या नणंदबाई एका कारखान्याचा हिशेब बघतात आणि आमच्या संसाराचाही, न सांगता.

"किती दिवस दुसऱ्याच्या भिंती जपणार?" त्यांनी विचारलं.

"आम्हाला पुरेल एवढं घर परवडतंय कुठे? कापायचं टेबलच नऊ फुटी आहे."

"मग लहान घ्या आणि भाड्यानं द्या. बँक कर्ज देईल. हप्त्यातला मोठा वाटा भाड्यातून जाईल, वरचं थोडं तुम्ही घालायचं. पंधरा वर्षांनी घर तुमचं."

ऐकायला सोपं वाटलं. सोपं काही नसतं हे मला कळायला पाहिजे होतं, पण एकोणीस वर्षांच्या दोरीकडे बघून मीच आधी हो म्हटलं.

घर मिळालं तेही सहज. एक खोली, स्वयंपाकघर, दुसरा मजला, आणि आत आधीपासून राहणारी भाडेकरू. दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती, म्हणून आम्ही आपसात तिला दातवाली म्हणायचो. चांगली उंच बाई, बोलणं बेतशीर. तिच्याबरोबर तिची म्हातारी मावशी राहायची. मावशीला जवळजवळ दिसत नव्हतं. सहा वर्षांत एकदाही भाडं थकलं नाही, असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि बँकेच्या कागदांवरही ते दिसलं. आम्ही जमवलेली सगळी शिल्लक, वर वन्संनी दिलेले थोडे, असा इसार देऊन सौदा पक्का केला. महिनाभरात उरलेली रक्कम देऊन खरेदी झाली नाही तर इसार बुडणार, असं लिहून झालं. कर्ज मिळणारच होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

बँकेतल्या कर्जवाल्या साहेबांनी सगळं नीट समजावलं होतं. आमच्या धंद्याची कमाई कधी भरती, कधी ओहोटी. तेवढ्यावर बँक एवढं कर्ज देणार नव्हती. पण चालू भाडेकरूचं भाडं कमाईत धरलं तर बसत होतं. अट एकच. खरेदीच्या आधी तिचा आमच्याशी तीन वर्षांचा करार हवा. मध्ये ते फोन करून तिची चौकशीही करणार होते.

मी म्हटलं, करा की. तिला कुठे जायचंय?

खरेदीला बारा दिवस उरले असताना साहेबांचा फोन आला. मी तेव्हा शाळेच्या सभागृहाचे पडदे कापत होते.

"तुमच्या भाडेकरू म्हणतात, त्या महिनाअखेर घर सोडताहेत. दुसरी जागा बघितली आहे त्यांनी. मग भाडं कमाईत धरता येणार नाही. कर्जाचा कागद मी तूर्त थांबवतोय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बारा दिवसांत नवा भाडेकरू कुठून आणायचा, आणि आणला तरी त्याच्या नावावर सहा वर्षांचं वेळच्या वेळी दिलेलं भाडं कुठून आणायचं? मग राग आला. आम्ही तिचं काय घोडं मारलं होतं? एकदाच तर गेलो होतो घर बघायला. हात जोडून बोललो, चपला बाहेर काढल्या, खुर्चीवरसुद्धा विचारूनच बसलो.

आमचे हे शांतपणे सगळं ऐकत होते. यांना बोलायला वेळ लागतो, पण बोलले की नेमकं बोलतात.

"तू तिथे टेप काढलीस का?"

"मी? मी कशाला काढेन?"

"वही बघ."

माझी मापांची वही कायम पिशवीत असते. उघडली. तारखेखाली माझ्याच अक्षरात होतं: पहिली खिडकी, साडेचार बाय चार. दुसरी तशीच. स्वयंपाकघर, तीन बाय अडीच. न्हाणीघर, दीड बाय दीड. माझा मला पत्ता नव्हता. खिडकी दिसली की माझा हात पिशवीत जातो, जसा दुसऱ्यांचा हात डोकं खाजवायला जातो.

"ती काय समजली असेल सांग," हे म्हणाले. "नवा मालक येतो आणि खिडक्यांची मापं घेतो. म्हणजे स्वतः राहायला येणार. तिनं आपलं आधीच बघून ठेवलं."

"मग विचारायचं नाही का तिनं?"

"आपण विचारलं असतं?"

एकदा आमच्या मालकीणबाईंचा भाचा येऊन मागची खोली बघून गेला होता. तेव्हा मी तीन महिने खोकी जमवत होते आणि त्यांना चकार शब्द विचारला नव्हता. भाचा आपला सहज आला होता.

संध्याकाळी दुकान लवकर बंद करून आम्ही निघालो. दातवालीनं दार उघडलं. खोलीत खरंच तीन खोकी भरून ठेवली होती, दोरीनं बांधून. मावशी पलंगावर बसली होती. ताठ.

मी वाटेत चार गोड वाक्यं ठरवून आले होते. खोकी बघितल्यावर ती विसरले.

"तुम्ही घर सोडू नका," मी म्हटलं. "आम्ही इथे राहायला येणार नाही आहोत. कधीच नव्हतो. भाड्यानं द्यायलाच घेतोय."

उत्तर मावशीनं दिलं.

"मग टेप कशाला ओढली? चार वेळा आवाज आला मला. खट्कन बंद होते ना ती, तसा. खिडक्याही चारच आहेत. मला दिसत नाही, पण मोजता येतं."

"सवय आहे मावशी. आम्ही पडदेवाले."

"वा," मावशी म्हणाली. तिला ते अजिबात पटलं नव्हतं.

मी वही काढली आणि दातवालीच्या हातात दिली. माझ्या वहीत काय काय आहे ते मी आजवर कुणाला दाखवलं नव्हतं. ती पानं उलटू लागली आणि मावशीसाठी मोठ्यानं वाचू लागली.

"बँक, कर्ज विभाग, सहा बाय पाच. साहेबांच्या पाठीवर ऊन येतं. वकिलांचं ऑफिस, खिडकी एकच, पडदा नाही, धूळ. लग्नाचं कार्यालय, नवरीची खोली, पडदा पारदर्शक, कमाल आहे." तिनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. तिनं आणखी एक पान उलटलं आणि थांबली. "दातांचा दवाखाना. वाट बघायची खोली, पाच बाय चार. पडदा वीतभर आखूड. डॉक्टर एवढे पैसे घेतात, पडद्याला काय झालं?"

पहिल्यांदा आम्ही तिला दवाखान्यातच भेटायला गेलो होतो, तेव्हाचं ते.

ती हसली. आधी तोंड दाबून, मग चांगली मोकळी. "मावशी, मी डॉक्टरांना वर्षभर हेच सांगतेय," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. पण मावशी हसली नव्हती.

"वहीत सगळ्या गावाच्या खिडक्या आहेत," ती म्हणाली. "आम्हाला काढणार नाही, हे कुठे लिहिलंय?"

तिनं पलंगाच्या कडेवर हात ठेवला.

"मला इथे पलंगापासून मोरीपर्यंत सात पावलं आहेत," मावशी म्हणाली. "गॅसपर्यंत अकरा. दार लागलंय का उघडं ते हवेवरून कळतं. हे शिकायला मला दोन वर्षं लागली. नव्या जागी पुन्हा शिकेन, पण मग दर वर्षी नको. म्हणून विचारते."

मला एकदम वाईट वाटलं. इसार बुडेल या धसक्यानं मी इथवर आले होते. ही बाई सात पावलांसाठी धास्तावली होती, आणि तिची ती भीती मला पाठ होती, शब्दन् शब्द.

"तीन वर्षांचा करार करू," मी म्हटलं. "तोवर आम्ही काढू शकणार नाही, असं त्यात लिहू. वकिलांकडून वाचून घ्या."

"आणि भाडं?" दातवालीनं विचारलं.

वन्संनी मला बजावून पाठवलं होतं, नवा करार तर भाडंही नवं. आमच्या मालकीणबाई दर वर्षी ज्या आवाजात म्हणतात, तो आवाजसुद्धा मला काढता येत होता. 'महागाई सगळ्यांनाच आहे, बघा.' वाक्य जिभेवर आलं होतं. मी यांच्याकडे बघितलं. हे खोक्यांच्या गाठी बघत होते, जसं काही गाठी बघायलाच आले होते.

"पहिल्या वर्षी आहे तेच," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी वाढवायचं तर तीन महिने आधी सांगेन."

वन्सं काय म्हणतील ते म्हणोत. महिन्याला एखादं जास्तीचं काम घेतलं की तेवढं निघत होतं.

"पण त्या जागेचे पैसे देऊन बसले मी," दातवाली म्हणाली. "आगाऊ. ते परत मिळायचे नाहीत."

चूक माझ्या टेपची होती. मी म्हटलं, "चारी खिडक्यांचे पडदे मी करून देते. मापं तर आहेतच."

ती पुन्हा हसली. मग जरा अडखळली. "पडदे द्याच. पण आणखी एक विचारू का? राग येणार नसेल तर." तिनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे स्टुलावर एक आरसा भिंतीला टेकवून ठेवला होता. एवढी उंच बाई रोज केस विंचरताना गुडघ्यांत वाकत असणार. "सहा वर्षं तसाच आहे. आधीचे मालक नको म्हणायचे. टांगला तर चालेल?"

"भोक पडलं की भिंत खराब होते," मी म्हटलं.

शपथेवर सांगते, ते मी बोलले नाही. ते माझ्या तोंडातून आलं. सूरसुद्धा तोच, वरच्या मजल्यावरचा. यांनी गाठींवरची नजर उचलून माझ्याकडे बघितलं. दातवालीनं मान हलवली, "हो, बरोबर आहे," म्हणाली, आणि तिचं ते लगेच मान हलवणं मला फार लागलं. मीही एकोणीस वर्षं अशीच हलवत आले आहे.

"टांगू," मी म्हटलं. "घर आमच्या नावावर झालं की त्याच दिवशी येऊन टांगू."

करार झाला. साहेबांनी थांबवलेला कागद पुढे सरकवला. अकराव्या दिवशी खरेदी झाली, दुपारी दोनला. वकिलांच्या ऑफिसात सह्या करताना यांनी माझा हात पिशवीपाशी धरून ठेवला होता. तिथली खिडकी वहीत आधीच होती, तरीसुद्धा.

तिथून आम्ही सरळ तिकडे गेलो. खोकी सुटली होती. दातवालीनं दवाखान्यातून सुट्टी घेतली होती आणि मावशी आत स्वयंपाकघरात चटई टाकून झोपली होती. हे शिडीवर चढले. आरशाची उंची दातवालीनं ताठ उभं राहून ठरवली, आणि ती खूण इतकी वर आली की मला त्या आरशात फक्त माझं कपाळ दिसलं असतं. यांनी हातानं फिरवायचं ड्रिल लावलं, आवाज न करणारं. भिंत पक्की होती. पांढरी भुकटी माझ्या खांद्यांवर पडली. भोकात खुंटी बसवायला मी हातोडा घेऊन पुढे झाले आणि दोन ठोके घातले.

आवाजानं मावशी जागी झाली. झोपेतच असावी अजून. आतून घाबरून ओरडली, "अगं, कोण ठोकतंय? मालकीणबाईंना विचारलंत का?"

मी झटकन हातोडा पाठीमागे लपवला आणि दाराकडे बघितलं.

दारात कुणीच नव्हतं. जिन्यावरही चपला वाजत नव्हत्या. हे शिडीवर तोंडाला रुमाल लावून हसत होते.

"झोप मावशी," दातवाली म्हणाली. "मालकीणबाईच ठोकताहेत."

मला मात्र हातोडा पुन्हा पुढे आणायला जरा वेळ लागला.