तिसरी पायरी

"हे तुला आत्ता कळतंय?" फोनवर हेतल हसलीच. "अगं भाविका, त्याला वीस वर्षं होऊन गेली! मी नवीन म्हणून नाही पाठवलं, उजळणी म्हणून पाठवलंय. परीक्षेला हमखास येतं ते."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत डबा उघडून बसलेल्या भाविकाचा घास हातातच राहिला.

"वीस?"

"बावीससुद्धा असतील. का गं?"

"काही नाही. जेवते. ठेव तू."

फोन ठेवला आणि तिने डबाही झाकून टाकला. मोबाइलवर तो शोधनिबंध उघडाच होता. इंग्रजी अवघड, आकड्यांचे तक्ते त्याहून अवघड, पण शेवटचं सार अगदी सरळ होतं. अपघातानंतर पहिल्या काही दिवसांत माणसांना बसवून घडलेलं सगळं पुन्हा बोलायला लावलं, तर त्याचा फायदा होत नाही. काहींना उलट त्रासच होतो. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्यावं, नसेल बोलायचं त्याला गप्प राहू द्यावं, आणि त्याच्या जवळच्या माणसांत त्याला सुखरूप ठेवावं.

भाविकाने हिशेब केला. हे कुणीतरी सिद्ध केलं तेव्हा ती शाळेत होती. आणि वादळानंतर बंदरवाडीत जाऊन तिने तिथल्या बायकांना चटईवर बसवून बोलायला लावलं त्याला आता आठ वर्षं झाली. म्हणजे ती चटई अंथरली तेव्हाच ते चूक ठरून किती वर्षं लोटली होती! जगाला माहीत होतं, रत्नागिरीत भाविकाला तेवढं माहीत नव्हतं.

तेहतीस वर्षांच्या या मुलीचं दुखणं हेच होतं. मानसशास्त्रात एम.ए. केलं तेही बाहेरून, कुणीतरी कुणाच्या तरी नोट्सच्या झेरॉक्सवरून काढलेल्या झेरॉक्सवर. आता मानसोपचार करणाऱ्या एका डॉक्टरांकडे ती पेशंटची माहिती लिहून घेते. झोप लागते का, भूक लागते का, घरात कुणाला असं होतं का. लिहिलेला कागद आत जातो आणि तिचं काम संपतं. खरी मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पुढचा अभ्यासक्रम हवा, त्याला प्रवेशपरीक्षा, आणि परीक्षेची ही तिसरी खेप. येत्या रविवारी होती. पहिल्या दोन वेळी ती जे शिकून गेली ते परीक्षा घेणाऱ्यांनी केव्हाच मोडीत काढलं होतं. तेव्हापासून तिची मैत्रीण हेतल पुण्याहून तिला निबंध पाठवते आणि भाविका येता-जाता एसटीत ते वाचते. एक वाचून होतो तोवर दुसरा येतो, आणि दुसरा सांगतो की पहिल्यात फारसं तथ्य नव्हतं. आताशा तिचे डोळे चुरचुरत. शेजारपाजारच्या बायका विचारत, "अजून शिकतंच आहेस गो?" आणि ती "हो ना" म्हणून हसे. हसण्याचाही तिला कंटाळा आला होता.

पण आजचा कंटाळा निराळा होता. आज तिला काशी आठवली होती.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या वादळात बंदरवाडीची एक होडी परत आली नाही. पाच जणांपैकी तिघे दुसऱ्या होडीला सापडले, दोघे नाही. काशीचा नवरा लवू त्या दोघांतला. सहाव्या दिवशी एका संस्थेची माणसं तिथे गेली, आणि नवीकोरी एम.ए. झालेली भाविका त्यांच्याबरोबर गेली. तिच्या हातात सात पायऱ्यांचा कागद होता. देवळाच्या सभामंडपात चटई अंथरली, बायकांना गोल बसवलं आणि एकेकीला बोलायला लावलं. तिसरी पायरी होती 'स्पष्ट शब्द'. जे घडलं त्याला त्याच्या नावाने हाक मारायची, आडपडदा ठेवायचा नाही, म्हणजे मन ते स्वीकारतं.

काशी म्हणत होती, "यायचा हाय."

आता भाविका काही परक्या मुलखातली नव्हती. याच किनाऱ्यावर तिचं आजोळ. फुटलेली बांगडी 'वाढली' म्हणायची, विझलेला दिवा 'शांत झाला' म्हणायचा, घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे तिला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. समुद्रावर निघालेला माणूस 'येतो' म्हणून गेला आणि देह मिळाला नाही, तर वाडीत तो बुडाला असं कुणी म्हणत नाही. तो यायचा असतो. वर्षं जातात, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, तरी तो यायचाच असतो. हे तिला माहीत होतं आणि नेमकं म्हणूनच तिला ते अडाणीपणाचं वाटलं. नवं शिकलेल्या माणसाला आपल्या घरचं जितकं अडाणी वाटतं तितकं दुसऱ्या कुणाचं वाटत नाही.

तिने काशीचा हात धरून तीनदा सांगितलं, "बोला ताई. बुडाला असं म्हणा. मोकळं वाटेल."

तिसऱ्यांदा काशी बोलली. बोलली आणि अशी रडली की सभामंडपातली कबुतरं उडाली. तिची सासू तुळसा कोपऱ्यात बसली होती. ती उठली, पदर खांद्यावर ओढला आणि कुणाकडे न बघता चालू लागली. भाविकाने त्या दिवशीच्या अहवालात लिहिलं होतं, 'चांगला प्रतिसाद'.

तिने दुपारनंतरची रजा मागितली. डॉक्टर म्हणाले, "अभ्यासाला?" ती "हो" म्हणाली. तसं ते खोटंही नव्हतं.

काशी मच्छीमार्केटात बसायची हे भाविकाला ठाऊक होतं. ती त्या रांगेला कधी जायची नाही, आणि का जात नाही हेही तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आज ती सरळ गेली. काशीपुढे बांगडे होते, थोडे सौंदाळे होते. केस कानांपाशी पांढरे झाले होते.

"काशीताई, ओळखलंत का मला?"

"न वळकायला काय झाला?" काशी बांगड्यांवर पाणी मारत म्हणाली. "चटईवरची बाय तू. काय देऊ? बांगडं ताजं हायत."

"मासे नकोत. मला तुम्हाला एक सांगायचं होतं." भाविका तिच्या बाजूच्या रिकाम्या खोक्यावर बसली. पाठ केलेली वाक्यं तिथल्या तिथे विसरली. "मी तेव्हा तुम्हाला जे बोलायला लावलं ना, ते चुकीचं होतं. तसं करू नये, असं आता संशोधन झालंय."

"कोनी केलाय?"

"परदेशातल्या लोकांनी."

"बरा केलानी." काशीने एक बांगडा उचलून उलटा ठेवला. "येवढ्या लांब कशाला जायचा? मना इचारलं असतंस तर त्याच दिशी सांगितलं असतं."

शेजारची मासेवाली फिसकन हसली. काशी हसली नाही.

"तुम्हाला फार त्रास झाला का?"

"मना?" काशीने जरा विचार केला. "मी रडलाव ती त्याच दिशी. मंग नाय. पोटाच्या मागं लागला की कोन रडतंय? तरास झाला तो घरात. सासू म्हनते, तो यायचा व्हता, हिनं त्वांडानं बुडवला. तवापासनं बोलत नाय माज्याशी."

"आठ वर्षं?"

"आठ. एका घरात ऱ्हातो, एका चुलीवर खातो. मना काय सांगायचा आसला तर मांजराला सांगते. 'मांजरा, भात झालाय म्हनून सांग तिला.' पयला मांजर मेला. आता दुसऱ्याला सांगते."

भाविकाला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरले. आपण एका घराचं हे करून ठेवलं आणि अहवालात 'चांगला प्रतिसाद' लिहून मोकळे झालो, याची तिला एवढी लाज वाटली की खोक्यावरून उठावं आणि निघून जावं असं वाटलं. ती उठली नाही.

"मी येऊ घरी? मी सांगते त्यांना. तुम्ही नाही बोललात, मी बोलायला लावलं."

"ती काय आयकनार नाय."

"तरी येते."

काशीने तिच्याकडे नीट पाहिलं, मग उरलेले बांगडे शेजारणीच्या पाटीत ओतले. "चल. साडेचारची गाडी हाय."

गाडीत दोघी शेजारी बसल्या. काशीची रिकामी पाटी पायाशी. गाडी घाट चढली. मग काशीने विचारलं, "कागदावर लिवून आला म्हनून आलीस ना गो तू?"

"हो," भाविका म्हणाली. मग म्हणाली, "पण मला बहुतेक आधीच ठाऊक होतं. कागदाची वाट बघत होते."

काशीने मान हलवली आणि बाहेर बघत राहिली.

तुळसा पडवीत बसून सुकट निवडत होती. पाठीत पार वाकलेली, नजर मात्र अजून लख्ख. मांजर तिच्या पायाशीच होतं. काशी तिच्या शेजारून आत गेली. भाविका पडवीच्या पायरीवर टेकली आणि जसं जमलं तसं बोलली. आजी, मी ती चटईवरची. काशीताई 'यायचा हाय' म्हणत होत्या, मी तीनदा दुसरं बोलायला लावलं. त्यांचा दोष नाही. माझा आहे.

तुळसा सुकटातले खडे वेचत राहिली. मान वर न करता म्हणाली, "म्हायत हाय."

"माहीत आहे?"

"कान हायत मना. तूच तिला बोलाया लावलंस. पन त्वांड तिचा व्हता." तिने एक खडा अंगणात भिरकावला. "आता काय सांगायला आलीस? सबूद परत घेता येतो?"

भाविकाने मांजराकडे पाहिलं.

"येतो काय, आसा इचारतेय मी. येवढी शिकलीस. घे परत."

आत भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला. काशी ऐकत होती.

भाविका फार दमली होती. तिला वाटलं, सात पायऱ्यांच्या कागदात हे नाही. हेतलच्या एकाही निबंधात हे नाही, आणि रविवारी कुणी हे विचारणार नाही. म्हातारीची खोटी आशा वाढवायची की नाही यावर कुठेतरी काहीतरी सिद्ध झालेलं असेलही, आणि ते तिच्यापर्यंत यायला वीस वर्षं लागतील. तोवर तुळसा नसेल. आज समोर काय बसलंय तेवढं बघून बोलायचं होतं, आणि तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे आजोळी तिच्या आजीने शिकवलं होतं, पण ते तिने कधी शिक्षण मानलं नव्हतं.

"आजी," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून आजोळची बोली आपसूक आली, "लवूदादा यायचा हाय."

तुळसाचे हात थांबले. तिने भाविकाकडे पाहिलं, मग समुद्राच्या बाजूला, मग पुन्हा सुकटाकडे. तिच्या चेहऱ्यावर आशा नव्हती. तिलाही सगळं ठाऊकच होतं, आठ वर्षं ठाऊक होतं. कुणीतरी जरा रीतीने बोलावं एवढंच तिला हवं होतं.

"मांजरा," ती म्हणाली, "पावनी आलीय. च्या ठेव म्हनून सांग."

भाविका हिरमुसली. एवढं बोलून, एवढं करून, शेवटी मांजरच. आत स्टोव्ह पेटला. भाविकाने मोबाइलमध्ये किती वाजले ते पाहिलं. परतीची गाडी सहाला होती आणि रविवारला चार दिवस उरले होते.

काशी तीन कप घेऊन आली. एक सासूपुढे ठेवला, एक भाविकाला दिला, आणि आपला घेऊन दाराशी उभी राहिली, रोज उभी राहत असेल तशी, जायच्या बेतात.

तुळसाने एक घोट घेतला. कप खाली ठेवला.

"काशे," ती म्हणाली, "साकर कमी पडली गो."

काशी दारातच थिजली. मग म्हणाली, "आनते, आई." सासूचा कप उचलून ती आत गेली, आणि साखरेचा डबा उघडायला कुणालाही लागत नाही इतका वेळ आतच राहिली.

भाविकाने आपला कप तोंडाला लावला. चहा पाकासारखा गोड होता.