सात गावांची अनसूया

शनिवारी दुपारी चारच्या खेळाला अनसूया सात गावांत एकाच वेळी हजर झाली, त्यामुळे पुण्यातल्या घरी ती उरलीच नाही. तिचा नवरा नरहरी तारळेकर परसात उभा राहून तिला हाका मारत होता. दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं, चुलीवर आमटी उतू जात होती, आणि ती आमटी ढवळणारी बाई कराड, नगर, बार्शी आणि आणखी चार गावांच्या थेटरांत पडद्यापुढे उभी होती.

दोष कुणाचा म्हणाल, तर नरहरीचाच. तो सिनेमा कंपनीचा विक्रेता. गावोगाव फिरून थेटरवाल्यांना कंपनीचा सिनेमा घ्यायला लावायचा, हा त्याचा धंदा. बोलणाऱ्याची मातीही विकते म्हणतात. नरहरीनं तर चिखल विकला असता. थेटरवाल्यांसाठी कंपनी एक छापील पुस्तक काढी, तेही तोच लिही: टांग्यात ताशा बसवा, चौकाचौकांत हँडबिलं उधळा, दारावर नायिकेची पुरुषभर उंचीची तसबीर टांगा.

यंदाचा सिनेमा अगदीच पडेल होता. त्यात बरी म्हणावी अशी एक नायिका, आणि ती अनसूया. त्या दिवसांत सिनेमात उभी राहायला घरंदाज बाई कुठली मिळायला? नरहरीनंच बायकोच्या हातापाया पडून तिला उभी केली होती. "एकदाच हं," ती म्हणाली होती. पुढेही काही म्हणणार होती, पण याला गाडी गाठायची होती.

मग प्रत्येक थेटरवाल्याच्या पुस्तकात त्यानं शाईनं एक ओळ वाढवली: शनिवारी चारच्या खेळाला नायिका जातीनं हजर राहील, आणि खेळ लागलेला असेल तोवर राहील. अशी ओळ सगळेच विक्रेते लिहीत. आदल्या दिवशी 'बाईंना ताप आला' असं पत्र टाकायचं, की झालं. नरहरीनंही सात तापाची पत्रं लिहिली होती. ती टपालात टाकायची राहिली. कोटाच्या खिशातच होती, साती.

ती हाताला लागली तेव्हा त्याला सगळं उमगलं, आणि तो आधी कराडला गेला. अनसूया मंचावर होती, पण सातातला एकच वाटा, त्यामुळे विरळ. तिच्यातून पडद्याची शिवण दिसत होती. तिनं त्याला पाहिलं, ओठ हलवले. आवाज आला नाही. मागचा पडदा काळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं उमटली, आणि तीनशे माणसांनी ती एका सुरात मोठ्यानं वाचली. सिनेमा मुका, त्यामुळे थेटरात तशी रीतच होती.

"अहो, भाजी कुठली आणलीत?"

"मेथी," नरहरी म्हणाला.

ती खाली उतरली आणि त्याच्या मागोमाग चालू लागली. थेटरवाल्यानं अडवलं नाही. "उत्तर दिलंत, न्या," एवढंच म्हणाला आणि दारावरची तसबीर उतरवायला शिडी मागवली.

नगरला गर्दी जास्त होती. तिथल्या अनसूयेचे केस सुटलेले होते. तिनं ओठ हलवले आणि बायकांच्या बाकांवरूनही आवाज उठला, "आपली ठकी गेली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

हे तिनं घरी विचारलं होतं, चार वर्षांपूर्वी, त्यांची पोर तापानं गेली तेव्हा, आणि तो आंघोळीला निघून गेला होता. आता सगळं थेटर त्याच्याकडे वळून बघत होतं. एक म्हातारी पदर तोंडाला लावून रडत होती.

"अकोल्यात होतो," तो म्हणाला. "तार मिळाली होती. पण शनिवारचा खेळ होता, म्हणून थांबलो."

खरं होतं ते. अनसूया खाली उतरली आणि कराडच्या अनसूयेत मिसळली. दोघींची मिळून एक झाली, थोडी दाट. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं येऊ दिलं.

असं करत त्यानं सहा गावं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी तिनं घरी कधीतरी विचारलेलंच विचारलं, लोकांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि त्यानं खरं तेच सांगितलं. सांगून सांगून त्याचा घसा बसला. सहा वाट्यांची अनसूया आता गाडीत शेजारी बसली की बाक दबत असे. बोलत मात्र नव्हती. कुंकवाखालचं गोंदण काही अजून उमटलं नव्हतं.

बार्शीला ते पोचले तेव्हा शेवटचा खेळ चालू होता. थेटराचे मालक लिंगाप्पाशेठ दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"बरं झालं आलात, तारळेकर. खेळ आज उतरतोय. संध्याकाळच्या गाडीनं रिळं मुंबईला, तिथून बोटीनं रंगूनला. तुमच्या कंपनीनंच विकलीत."

"आणि आतली ही?"

"रिळांबरोबर जाणार. तुम्हीच लिहिलंय, खेळ आहे तोवर बाई राहील. रंगूनलाही खेळच आहे की."

नरहरी धावत आत गेला. सहा वाट्यांची अनसूया पहिल्या बाकावर जाऊन बसली. मंचावरची सातवी सगळ्यांत विरळ होती, पण गोंदण तिच्या कपाळावर होतं. तिनं त्याला पाहिलं आणि ती बोलू लागली. खूप वेळ बोलली. मध्ये एकदा हसली, एकदा डोळे पुसले, एकदा त्याच्याकडे बोट दाखवलं.

पडदा काळा झाला. अक्षरं आली नाहीत.

लोक तोंड उघडून थांबले.

"शेठ, यंत्र बिघडलंय का?" नरहरीनं मागोमाग आत आलेल्या लिंगाप्पाशेठना विचारलं.

"यंत्राला काय धाड भरलीय? इतर गावांत बाईंनी विचारलं, ते तुम्ही पूर्वी ऐकलेलं होतं. हे तिनं ऐकवायला घेतलं, आणि तुम्ही दर वेळी उठून गेलात. मग अक्षरं यायची कुठून?" लिंगाप्पाशेठनी त्याच्या हातात खडू दिला. "लिहा. कंपनीचं सगळं तुम्हीच लिहिता ना? बरोबर लिहिलंत, लोकांनी वाचलं, की न्या घरी."

बाहेर टांगा येऊन थांबला. हमाल रिळांचे डबे बांधू लागले.

नरहरी काळ्या पडद्यापुढे उभा राहिला. तेरा वर्षांचा संसार, आणि बायकोचे ओठ त्याला वाचता येईनात. "अनसूये," तो म्हणाला, "मला कळत नाही गं. हळू सांग."

ती थांबली. रागावली नाही. तिनं पदर खोचला आणि पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करत, सांगायला सुरुवात केली. नरहरीनं खडू पडद्याला टेकवला. तीनशे माणसांनी वाचायला श्वास घेतला.