वरची रेघ आधी

कडा गावाच्या पंचक्रोशीत आश्रुबा पेंटरच्या अक्षराला तोड नव्हती. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळीकडं त्यांचाच हात. फ्लेक्स आले आणि धंदा बसला, पण ऐट काही उतरली नाही. आता अशा माणसाला सात वर्षांच्या पोरीनं अक्षरात नापास करावं, म्हणजे काय म्हणायचं!

पोरगी म्हणजे त्यांची सख्खी नात, तिएन. मुलगा परमेश्वर चीनमध्ये नोकरीला, बायको तिकडचीच. नातीला मराठीचा गंध नाही आणि आश्रुबांना चिनीचा. व्हिडिओ कॉल लागला की पोरगी आईच्या पाठीमागं दडायची. आजपर्यंत तिनं आजोबांना कसलीच हाक मारली नव्हती, आणि ते म्हाताऱ्याच्या काळजात कुसळासारखं सलत होतं.

"आगं, उद्या मी मेलो तर तिला कळायचं पण न्हाई कोण गेलं ते," असं ते मंजुळाबाईंना, म्हणजे बायकोला, म्हणायचे.

म्हणून एक दिवस त्यांनी परमेश्वराकडून तिच्या नावाचं अक्षर मागवलं. दोन आडव्या रेघा, खाली फाकलेले दोन पाय, एवढंच. पत्र्यावर लाल ऑइलपेंटनं ते असं झोकात काढलं की विचारू नका, आणि कॉलवर धरलं.

तिएन पहिल्यांदाच पुढं आली. डोळे बारीक करून बघितलं आणि बापाला काहीतरी म्हणाली.

"आण्णा, ती म्हणती, कसं काढलं ते काढून दाखवा."

आश्रुबांनी पाटी घेतली. मराठी हात तो! आधी पाय काढले, मग मधली रेघ, आणि शेवटी एका दमात वरची रेघ ओढली. जन्मभर तसंच केलेलं. खालचं सगळं उरकायचं, मग डोक्यावरची रेघ.

पोरगी किंचाळलीच, आणि परमेश्वरानं ते मराठीत सांगितलं. वरची रेघ आधी! मग दुसरी, मग डावा पाय, मग उजवा.

"आरं, पण अक्षर तर सारखंच दिसतंय की! आधी काय अन् नंतर काय, कशाला बघायचं?"

"शाळेत मार्क कापतात, आण्णा," परमेश्वर हसत म्हणाला.

लागलीच शिकवणी सुरू झाली. इथं पाच वाजले की तिकडं साडेसात. ती जेवून, पट्टी घेऊन बसायची. आश्रुबांचा हात मात्र मेला ऐकेचना, वरची रेघ सोडून खालीच धावायचा. ती पट्टी आपटायची, हे कान पकडायचे, मंजुळाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. असे बावीस दिवस गेले. इतकं सुख आश्रुबांना उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

तेविसाव्या दिवशी अक्षर तीनदा बिनचूक आलं. तिएननं चांदणीचा स्टिकर दाखवला आणि खेळायला पळाली.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. "आजोबांना आता येतंय म्हणती," परमेश्वर म्हणाला. तिसऱ्या दिवशीही तेच. झालं! शिकलं तेच अंगाशी आलं.

"मग चुका की मुद्दाम," मंजुळाबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

"अक्षर मुद्दाम बिघडवू? ह्या हातानं? मला न्हाई जमायचं." म्हणाले खरं, पण संध्याकाळभर फोन पुढ्यात घेऊन बसले.

चौथ्या दिवशी त्यांनी धीर केला. "परमा, तिला म्हण, मला दुसरं अक्षर शिकायचंय. तुमच्यात आजोबा कसं लिहितात?"

बराच वेळ पडद्यावर नुसती भिंत. मग तिएन आली, कपाळाला ह्या आठ्या! ते अक्षर तिला शाळेत अजून शिकवलंच नव्हतं. मास्तरीणबाईंची फजितीच की! आईला विचारून विचारून तिनं ते सहा रेघांचं अक्षर काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. इकडं आश्रुबाही तिच्याबरोबर काढत होते, खोडत होते. तिची एक रेघ वाकडी गेली तशी ती भेदरून त्यांच्याकडं बघायला लागली.

"असू दे, माय. माझी पण वाकडीच हाय. पुन्यांदा काढू," ते मराठीतच म्हणाले. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती हसली.

शेवटी साधलं. तिनं वही कॅमेऱ्यापुढं धरली, एकेका रेघेवर बोट फिरवलं, आणि मग तेच बोट पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडं रोखलं.

"येये," ती म्हणाली. तिकडच्या बोलीत आजोबा!

आश्रुबांना पुढचं काही दिसेना. त्यांनी चष्मा काढला, तसाच हातात धरला आणि घरात हाक मारली, "आगं, ऐकलं का? मला म्हणली! मलाच म्हणली!"