चहा घेतल्याशिवाय सवारी नाही

"चहा घेतल्याबिगर गाडी हलनार न्हाई," पद्मिनीने रिक्षातल्या सवारीपुढे ग्लास धरला. आठ वर्षं चंदीगडात काढूनही तिची हिंदी साताऱ्याचीच राहिली होती. पण इस्पितळाबाहेरच्या या स्टँडवर ती सगळ्यांना बरोबर कळायची.

नियमही तिचाच. पंजाबात रोज कुठे ना कुठे गोळ्या चालायच्या, त्या दिवसांत शहराबाहेर डेराबस्सीच्या रस्त्यावर दोघा रिक्षावाल्यांना सवारीनेच मारहाण करून लुटलं होतं. त्यांतल्या गुरमेलचा तर हात मोडला आणि रिक्षा गेली ती गेलीच. दिसायला कसे होते, असं पोलिसांनी विचारलं तर त्याला सांगता येईना. पाठीमागे बसलेल्याचं तोंड कोण बघतो? तेव्हा पद्मिनी म्हणाली होती, "गावाभायेर जानाऱ्या सवारीला माझ्या टपरीवर फुकट चहा. धा जणांनी तोंड बघितलं की चोराला कापरं भरतंय." सगळे हसले होते. पण महिनाभरात चहा न घेताच काढता पाय घेणारे तिघे निघाले, तेव्हा कुणी हसलं नाही.

आजचा तरुण अंगभर जाड शाल लपेटून, दोन्ही हात आत ठेवून तिच्या नवऱ्याच्या, फौज सोडून रिक्षा चालवणाऱ्या कृष्णाच्या रिक्षात बसला होता.

"टाइम नहीं है भाभीजी. डेराबस्सी जाना है."

"हात भायेर काढा की. ग्लास गरम हाय, चावत न्हाई."

"नहीं निकाल सकता."

स्टँडवरचे सगळे वळून बघू लागले. गुरमेल धडक्या हातात पाना घेऊन उठला.

"पद्मे, सरक," कृष्णा हळूच म्हणाला. "घाईत दिसतोय बिचारा."

"म्हनूनच सरकत न्हाई. तुमाला काय झालं तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

ती पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिली. ग्लासातला चहा बोटांवर सांडला, तरी हलली नाही. तेवढ्यात शाल हलली, आणि आतून मांजराच्या पिल्लाएवढी शिंक आली.

तरुण लाजून लाल झाला. "चार दिन की है जी. ठंड लग जाएगी. इसकी माँ दवाई लेकर आ रही है, आते ही निकलना है."

आधी कृष्णा हसला, मग अख्खा स्टँड. गुरमेलने पाना पाठीमागे लपवला. "ओए, मैं तो इस कुडी से लडने चला था!"

"चहा तरीबी घ्यायचाच," पद्मिनी डोळे पुसत म्हणाली. "नियम म्हंजे नियम." तिने पोरीला आपल्या पदराखाली घेतलं. बापाने दोन घोटांत ग्लास संपवला आणि जीभ भाजून घेतली. हळूहळू चालत आलेल्या आईला मात्र पद्मिनीने बाकावर बसवून आलं घातलेला, दुप्पट साखरेचा चहा पाजला, तेव्हाच लेक परत दिली.

मंडळी बसली. कृष्णाने रिक्षा चालू केली, तसा पद्मिनीचा चेहरा पुन्हा उतरला.

"ह्यांना सोडून येताना तुमी एकलेच की वो."

यावर नियमात काही नव्हतं.

मार खाल्ल्यापासून तीन महिने शहराची हद्द न ओलांडलेला गुरमेल रिक्षाच्या आरशापाशी वाकला. एका हाताने त्याने पगडी सारखी केली, जरा वेळ स्वतःकडे पाहिलं, आणि कृष्णाच्या खांद्याला धक्का दिला.

"थोडा खिसक, फौजी."

कृष्णा सरकला.