कॉलरची शिवण

थोरले साडू धाकट्याला पाण्यात पाहतात, हे त्यांच्या बायकोपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त धाकट्याला. निदान तो तसं दाखवत तरी नसे, आणि त्यामुळे थोरल्यांच्या पोटात आणखीच दुखे.

दोघांचा धंदा एकच. जुने लष्करी कोट जमवणारे हौशी लोक कोट घेण्याआधी तो अस्सल आहे की कुणी नवा शिवून जुना केलाय, हे पारख्याकडून बघून घेतात. थोरले या कामात मुरलेले. मेव्हणीनं लग्न केलं तेव्हा तिचा हा नवरा नोकरीच्या शोधात होता. बायकोनं पिच्छा पुरवला म्हणून थोरल्यांनी त्याला हाताशी धरलं, आणि कोट आधी उलटा करून आतून कसा वाचायचा तेही शिकवलं. आता लोक थोरल्यांच्याच दारात उभं राहून विचारत, "धाकटे काय म्हणाले?" धाकटा चहा पाजायचा, दोन गप्पा मारायचा, खोटा कोट आणणाऱ्यालासुद्धा "शिवलाय मात्र झकास हो" म्हणून हसत वाटेला लावायचा. थोरले "खोटा आहे" एवढंच म्हणत आणि कोट परत सरकवत.

अशात कर्नलीणबाईंचा निरोप आला. बाईंच्या घराण्यात कुणी साधा शिपाईदेखील नव्हता, पण घरभर लष्करी कोट टांगलेले, म्हणून लोकांनी हे नाव पाडलेलं. त्यांच्याकडचा पलटणीतल्या ढोलवाल्याचा लाल कोट थोरल्यांनी आजवर काचेबाहेरूनच पाहिला होता. तो एकदा हातात यावा म्हणून ते झुरत होते. बाईंना आता तो विकायचा होता, आणि घेणाऱ्याला दोन पारख्यांची मतं हवी होती. पहिलं मत धाकट्यानं देऊन टाकलं होतं: अस्सल.

"म्हणजे मी दुसरा!" थोरले घरी कडाडले.

"आमच्या घरचे पहिले जावई तुम्हीच ना? मग झालं तर," बायको म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. कोट खोटा निघाला तर धाकट्याची पत एका दिवसात धुळीला मिळाली असती. ज्या कोटासाठी ते इतकी वर्षं झुरले, तो खोटा निघावा असं त्यांना आता मनापासून वाटत होतं. कोट हाताळायचे धाकट्याचे सुती हातमोजे नेहमी पिवळट दिसत, म्हणून त्यांनी आपले मुद्दाम कपडे धुण्याच्या नव्या पावडरीत भिजवून, चोळून, पांढरे शुभ्र केले.

बाईंनी कोट टेबलावर पसरला. धाकटा समोरच्या बाजूला हात बांधून उभा राहिला. थोरल्यांनी मोजे चढवले आणि कोट उलटा केला. अस्तर हातशिलाईचं, टाके थोडे वेडेवाकडे. कसरीचं भोक लोकरीतून थेट अस्तरात उतरलेलं. डाव्या मांडीपाशी, जिथे ढोल घासतो, तिथे कापड झिजून विरलेलं. सगळं जिथल्या तिथं. थोरल्यांचा चेहरा पडत चालला. उरली कॉलर. तिच्या शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, दाबून, रगडून फिरवला. काहीतरी असायलाच हवं होतं.

"पडदे ओढा," ते म्हणाले. टॉर्चचं बारीक बटण जाड मोज्यांतून दाबता येईना, म्हणून मोजे काढून त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवले. ही टॉर्च यूव्ही उजेडाची. त्यात जुना दोरा काळपटच राहतो, नवा निळसर पांढरा चमकतो.

कॉलरची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत चमकली.

"कॉलर नवी बसवलीय!" थोरल्यांचा आवाज आनंदानं चिरकला. "दोरा बघा. हा कोट अस्सल नाही."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, पण तुम्ही तर..." त्या धाकट्याकडे वळल्या.

"दादांचं अजून बघून व्हायचंय," धाकटा शांतपणे म्हणाला. "त्यांचं होऊ द्या."

दयेची भीक मागतोय लेकाचा, थोरल्यांना वाटलं. त्यांनी ऐटीत मोज्यांकडे हात नेला. हाताबरोबर टॉर्चही वळली, आणि मोजे निळसर पांढरे पेटल्यासारखे दिसले.

पारख्यानं हातमोजे साध्या पाण्यात धुवायचे; पावडरीत धुतलेलं कापड या उजेडात चमकतं आणि त्याचे तंतू लोकरीत अडकतात. धाकट्याला पहिल्या दिवशी हा धडा त्यांनीच दिला होता. मनी वसे ते स्वप्नी दिसे, तसं त्यांना कॉलरवर दिसलं होतं ते त्यांच्याच मोज्यांचं सूत.

त्यांनी मोजे मुठीत घेतले. खिसा जवळच होता. बाईंचं लक्ष नव्हतं.

मग त्यांनी चिमटा उचलला आणि शिवणीतून एक तंतू ओढून काढला. "दोरा नाही हा," ते म्हणाले. "माझ्या मोज्यांचं सूत आहे. चूक माझी. कोट अस्सल आहे."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आभार मानले ते मात्र धाकट्याचे.

जिन्यात थोरल्यांनी त्याला गाठलं. "तुला आधीच दिसलं होतं ना?"

"हो. टेबलाच्या कडेला मोजे चमकत होते."

"मग मिठाची गुळणी धरून का उभा राहिलास?"

"तुमच्या लक्षात आलं की तुम्ही सांगणारच होतात, दादा. कोटाच्या बाबतीत तुम्ही खोटं बोलणार नाही."

धाकटा खाली उतरत गेला. थोरले कठडा धरून तिथेच थांबले. याच्या जागी ते असते तर त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं असतं. आणि मोजे मुठीत होते तेव्हा ते खिशात टाकायचं त्यांनी खरंच ठरवलं होतं. गिऱ्हाइकांवरून, हसण्यावरून, चहावरून ते या पोरावर इतके दिवस जळले होते. आज मात्र त्यांना हेवा वाटला तो धाकट्याला दिसत होता त्या दादांचा.