अप्पांच्या हाताची चव

अप्पांच्या कँटीनची किल्ली दादालाच मिळणार, हे घरात ठरल्यातच जमा होतं. का? तर त्याच्या हाताला चव आहे म्हणे. आणि त्याच्या बहिणीच्या, बाटलीच्या हाताला साबणाचा वास! कँटीनच्या वरच्या मजल्यावर, वनस्पतींच्या प्रयोगशाळेत ती काचसामान धुवायची, त्यावरून घरच्यांनीच हे नाव पाडलेलं. तिचं सूप मचूळ, दादाचं सूप अमृत. चव म्हणजे काय पोरग्यांना जन्मतःच फुटणारं सहावं बोट आहे?

आज फैसला होता. दोघांनी सूप करायचं, तुलनेला अप्पांचं स्वतःचं सूप.

सकाळी प्रयोगशाळेतल्या बाईंनी बाटलीला एक गंमत दाखवली. एका इवल्याशा रोपाचं पान त्यांनी कापलं. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर त्या जखमेपासून हिरवा उजेड निघाला आणि लाटेसारखा पार पलीकडच्या पानापर्यंत धावला.

"अळी चावली की जखमेतून ग्लुटामेट गळतं. अमिनो आम्ल. ते बाकीच्या पानांना सांगावा धाडतं, सावध व्हा! तो सांगावा दिसावा म्हणून हे रोप आम्ही मुद्दाम तसं घडवलंय. जखमेवर वरून ग्लुटामेट टाकलं तरी बोंब मारतं."

"सुपात टाकतात त्या चवीच्या पावडरीत असतं तेच ना हे?"

"तेच की!"

दुपारी बाटलीने तिघांच्या सुपाच्या तीन वाट्या घेऊन दोघा बापलेकांना जिना चढायला लावला. तीन पानं कापली, उजेड विझू दिला. मग पहिल्या पानावर स्वतःच्या सुपाचा थेंब. रोप ढिम्म.

दादा फिदीफिदी हसला. "झाडालाही मचूळच लागलं गं!"

दुसऱ्या पानावर दादाचा थेंब. रोप उजळलं.

"पावडर!" बाटली कडाडली. "हात कसला, डब्याला चव आहे मेल्या तुझ्या!"

"अप्पा, झाड खोटं बोलतंय!"

"मग अप्पांचं सूप टाकते. तीस वर्षांचा हात आहे तो. उजेड पडला तर नाव बदलीन."

"अगं, नको... सूप कशाला वाया..." अप्पा पुढे सरसावले, तोवर थेंब पडलाही.

पडद्याकडे बघवेना, असं रोप पेटलं.

अप्पांनी घसा खाकरला. खिशातली किल्ली काढून गुपचूप बाटलीच्या तळहातावर ठेवली. "घे. पण आधी त्या चोंबड्या झाडाला गप्प कर."

"छे, छे!" बाई पडद्यावरून नजर न हलवता ओरडल्या. "एवढी ठळक लाट वर्षभरात मिळाली नव्हती! यांचं सूप रोज वाटीभर वर पाठवा."

"पाठवते की," बाटलीने किल्ली पदराला बांधली. "अप्पा आता झाडापुरतंच करतील."